टाके सुकेपर्यंतचा पंधरवडा

कुत्र्याच्या नसबंदीचं ऑपरेशन हात बसलेले डॉक्टर तासाभरात उरकतात. पुढचे दहा ते चौदा दिवस मात्र घरच्यांचे असतात, आणि जखम भरणार की चिघळणार हे बऱ्याचदा त्या दिवसांतच ठरतं. साताऱ्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरातून आमची राणी, शेजारच्यांचा लॅब्रडॉर ब्रुनो आणि गल्लीतली अनेक गावठी कुत्री या पंधरवड्यातून गेली आहेत. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट मनावर ठसवली. कुत्र्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरं वाटायला लागतं, पण ते खरोखर बरं व्हायला दुसरा आठवडा संपावा लागतो. मधल्या दिवसांत त्याला त्याच्याच उत्साहापासून जपायचं असतं. पुढे लिहिलं आहे ते सगळं याच एका कामासाठी.

१. तारीख घरच्या सोयीनं ठरवा

डॉक्टरांकडे जागा कधी आहे, हे विचारण्याआधी आपल्या घरी सवड कधी आहे ते बघा. निदान पहिले तीन दिवस एक मोठं माणूस पूर्ण वेळ घरात हवं. घरात लग्नकार्य असेल, रंगकाम निघालं असेल, पाहुण्यांची वर्दळ असेल, तर पुढची तारीख घ्या. दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच नको. फटाक्याच्या एका आवाजानं बिथरलेलं कुत्रं पलंगाखाली घुसतं नाहीतर दाराबाहेर पळतं, आणि त्या एका झटक्यात टाक्यांवर ताण येतो. गणपतीत घरासमोरून मिरवणूक जात असेल तर तेही दिवस टाळा.

पावसाळ्यात माश्या फार आणि अंगण सतत ओलं, त्यामुळे निवड आपल्या हातात असेल तेव्हा मी हिवाळा पसंत करते. मादी नुकतीच माजावर येऊन गेली असेल तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून बरेच डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या बाबतीत हाडांची वाढ पूर्ण होऊ द्यावी का, हेही विचारून घ्यावं.

२. आत काय झालंय ते आधी समजून घ्या

नराचे वृषण काढतात. ते पोटातच अडकून राहिले नसतील तर पोट उघडावं लागत नाही. मादीचं तसं नसतं. तिच्या पोटाचे थर उघडून अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात, मोठ्या रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधतात आणि मग एकेक थर शिवत बाहेर येतात. आपल्याला दिसते ती फक्त कातडीवरची बोटभर रेघ. जोर पडतो तो आतल्या, न दिसणाऱ्या टाक्यांवर.

हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की पुढचे अनेक वाद आपोआप मिटतात. आमच्या सासूबाई आधी म्हणायच्या, ‘‘अगं, मुकं जनावर ते. कशाला एवढं डांबून ठेवतेस?’’ आत पोट शिवलेलं आहे हे त्यांना समजावून सांगितल्यापासून दाराशी पहारा त्याच देतात. राणी उठून दाराकडे निघाली की त्यांचा आवाज येतो, ‘‘राणे, बस खाली!’’ आणि ती बसते.

हे ऑपरेशन कशासाठी, हेही त्याच वेळी बोलून घ्यावं. वय झालेल्या, नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो आणि तो तिच्या जिवावर बेतू शकतो. लहान वयात ऑपरेशन झालं तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. नराच्या वृषणांच्या कर्करोगाचा प्रश्नच उरत नाही. ‘आपण पाप तर करत नाही ना’ ही टोचणी मनात ठेवून शुश्रूषा करणारा माणूस कुत्र्याला नको तिथे सूट देत राहतो, म्हणून ती टोचणी आधीच दूर व्हायला हवी.

३. पहिली रात्र अंधाराची आणि शांततेची

भुलीतून पुरतं बाहेर यायला कुत्र्याला रात्र जाते. ते झोकांड्या खातं, थरथरतं, डोळे अर्धे उघडे ठेवून पडून राहतं, कधी एका सुरात कण्हतं. हे कण्हणं दर वेळी दुखण्याचंच असतं असं नाही. बरेचदा तो भुलीचा अंमल असतो. घशात नळी घातलेली असल्यानं एखाद-दोन दिवस कोरडा खोकलाही येतो.

त्याला एखाद्या बाळंतिणीच्या खोलीइतकी निवांत जागा द्या. दिवा मंद, टीव्ही बंद, वारा थेट अंगावर नको. भुलीमुळे शरीराचं तापमान उतरतं, म्हणून शहाबादी फरशीवर तसंच निजवू नका. खाली गोणपाट, त्यावर गोधडी, आणि अंगावर पातळ चादर पुरते. पलंग किंवा सोफा नको, कारण गुंगीत ते खाली पडू शकतं. उचलावं लागलं तर एक हात छातीपुढून आणि दुसरा मागच्या पायांमागून घाला. पोटाखाली हात घालू नका. मोठं कुत्रं असेल तर जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचला.

बघ्यांना त्या संध्याकाळी घरात घेऊ नका. गुंगीतलं कुत्रं ओळखीच्या हातालाही चावू शकतं. मुलांना आधीच सांगा, की आज लांबूनच बघायचं. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही त्या रात्री वेगळं ठेवा. दवाखान्याच्या वासामुळे ते आपल्याच सोबत्यावर गुरगुरतं, नाहीतर प्रेमानं त्याची जखम चाटायला जातं. दोन्ही नको.

पाणी आधी घोटभर द्या. ते पोटात टिकलं तर थोडं आणखी. खाणं नेहमीच्या निम्मंच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर. त्या रात्री जेवलं नाही तर आग्रह करू नका.

४. हिरड्या बघायला शिका

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं कौशल्य हेच. ऑपरेशनच्या आधीच, कुत्रं ठणठणीत असताना, त्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग बघून ठेवा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबली की ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोनेक सेकंदांत रंग परत येतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघावा.

पहिल्या दोन दिवसांत हे अधूनमधून तपासा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोट टम्म फुगत चाललं, पंजे गार पडले, कुत्रं उठायलाच तयार नाही अशी लक्षणं एकत्र दिसली, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट बघू नका. आपल्या गावात रात्री कोणते डॉक्टर फोन उचलतात, कुठला दवाखाना उघडा असतो, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. अडचण आली की शोधत बसायला वेळ नसतो.

घरात थर्मामीटर असेल तर एवढं लक्षात ठेवा: कुत्र्याचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवा.

५. कोन काढायचा नाही

गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाची सगळ्यांना दया येते. कुत्रं दाराच्या चौकटीला आपटतं, पाण्याच्या भांड्याला अडखळतं, खिन्न चेहऱ्यानं कोपऱ्यात उभं राहतं. पण कुत्र्याला टाके सोडवायला काही मिनिटं पुरतात, आणि चाटण्यानं तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. ‘चाटून जखम भरते’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. शिवलेल्या जखमेच्या बाबतीत ते खरं नाही.

कोनाची कड नाकाच्या टोकापेक्षा इंच-दोन इंच पुढे आली पाहिजे. आखूड कोनातून जीभ वळून पोहोचतेच. गळ्याशी दोन बोटं सहज आत जातील इतपत सैल ठेवा. जेवणाचं भांडं पाटावर ठेवलं तर कोन न काढताही बहुतेक कुत्री खातात. काढावाच लागला तर समोर बसून राहा आणि भांडं रिकामं होताच परत घाला. एक-दोन दिवसांत कुत्र्याला सवय होते. आपण मधूनमधून कीव येऊन काढत राहिलो तर ती सवय होतच नाही.

मादीसाठी जुना सुती टी-शर्ट चांगला उपयोगी पडतो. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि कमरेवर सैल गाठ मारायची. बाहेर नेताना गाठ सोडून कापड वर सरकवायचं, ओलं झालं की लगेच बदलायचं. नराची जखम जिथे असते तिथे टी-शर्ट नीट पोहोचत नाही, त्याला कोनच बरा. टी-शर्ट चावून काढणारी कुत्रीही असतात. तसं असेल तर दोन्ही घाला.

६. चौथ्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसा

पहिले दोन दिवस कुत्रं स्वतःच पडून असतं, त्याला जपणं सोपं. खरी परीक्षा पुढे आहे. दुखायचं कमी होतं, औषध लागू पडतं, शेपूट हलू लागते, आणि घरातले म्हणतात, ‘झालं बरं!’ शेजारच्या ब्रुनोनं याच दिवसांत तोंडात चेंडू धरून अंगणात यायला सुरुवात केली होती. शेजारचे काका त्याला कुशीत घेऊन बसायचे आणि चेंडू माळ्यावर ठेवून द्यायचे.

टाके काढेपर्यंत, किंवा डॉक्टर ‘आता मोकळं सोडा’ म्हणेपर्यंत, शी-शूसाठीसुद्धा पट्टा लावूनच न्या, तेही पाच-दहा मिनिटं आणि सपाट जागेवर. जिने नकोत, वरच्या मजल्यावर राहत असाल तर उचलून न्या, किंवा फारच जड असेल तर पोटाखाली आधार न देता, छातीच्या पट्ट्याला धरून एकेक पायरी हळू उतरवा. सोफ्यावर उडी नको. स्कूटरच्या पायदानावर उभं राहून फिरायला जाणारी कितीतरी कुत्री आपल्याकडे आहेत. त्यांच्या पायदानावरच्या उड्याही या पंधरवड्यात बंद. दाराची बेल वाजली की धावणारं कुत्रं असेल तर बेलच बंद ठेवा आणि दूधवाल्याला, पेपरवाल्याला हाक मारायला सांगा.

धावण्याची हौस बंद केली की डोक्याला काम द्यावं लागतं. जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये चपातीचे बारीक तुकडे लपवून हुंगत शोधायला लावा. पसरट ताटलीत बिनसाखरेचं घट्ट दही पसरून चाटायला द्या. ‘बस’, ‘थांब’, ‘पंजा’ यांची उजळणी घ्या. वास घेऊन कुत्रं चांगलं दमतं, आणि दमलेलं कुत्रं झोपतं. बरं होण्यासाठी त्याला झोपच हवी असते.

७. जखम रोज बघा, रोज एक फोटो काढा

सकाळ-संध्याकाळ भरपूर उजेडात जखम बघा. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. कडा एकमेकींना चिकटलेल्या, किंचित लालसर, थोडी सूज, आजूबाजूला जरा काळं-निळं हे सुरुवातीला चालतं. मादीच्या योनीमार्गातून एखाद-दोन दिवस थोडा लालसर स्राव दिसू शकतो. नराची रिकामी पिशवी थोडी सुजलेली दिसते, त्यामुळे ‘ऑपरेशन झालंच नाही की काय’ असा प्रश्न बरेच जण विचारतात.

कडा उघडल्या, थेंब थेंब गळणं थांबत नाही, पिवळट किंवा दुर्गंधी येणारा स्राव आला, सूज गरम लागते आहे किंवा रोज वाढते आहे, नराची पिशवी ऑपरेशनपूर्वीपेक्षाही मोठी झाली, तर दवाखाना गाठा. टाक्यांखाली मऊ फुगवटा आला तर ते बहुधा जास्त हालचालीमुळे साठलेलं पाणी असतं. पण तो आत ढकलला जातो आहे असं वाटलं, तर आतले टाके सुटले असण्याची शंका येते. हा फरक ओळखणं डॉक्टरांचं काम आहे. घरी दाबून बघू नका.

रोज एकाच वेळी, एकाच कोनातून मोबाइलवर फोटो काढून ठेवला की ‘काल असंच होतं का?’ या प्रश्नावर घरात वाद होत नाहीत. डॉक्टरांनाही फोटोंच्या त्या ओळीतून चटकन अंदाज येतो.

८. जखमेवर घरचं काहीही नको

हळद, खोबरेल, राख, कडुलिंबाचा पाला, डेटॉल यांतलं काहीही शिवलेल्या जखमेवर घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस दिसायला समाधानकारक असतो, पण तो भरून येणाऱ्या पेशींनाही मारतो. तेलकट आणि ओल्या जागेवर धूळ बसते, माश्या येतात. नीट शिवलेल्या जखमेला हवा असतो कोरडेपणा. अंघोळ, भिजणं, ओल्या मातीत लोळणं हे सगळं टाके निघेपर्यंत बंद.

माश्यांकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. माश्या दूर ठेवणारा फवारा किंवा मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कुठे, किती लावायचं तेही विचारा. कुत्र्याला आत, जाळी लावलेल्या खोलीत ठेवणं हा सगळ्यांत साधा उपाय.

घरातल्या औषधांच्या डब्याला तर हातही लावू नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. त्यानं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंड बिघडतात. डायक्लोफेनॅक तितकंच घातक. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनानं द्यायचं नाही. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक जेवणानंतर, सांगितलेल्या मापात, सांगितलेले दिवसच द्या. प्रतिजैविकं लिहून दिली असतील तर कुत्रं बरं दिसतंय म्हणून मध्येच थांबवू नका. गोळी चपातीच्या छोट्या गोळ्यात किंवा उकडलेल्या अंड्यात सहज जाते.

९. खाणं हलकं, शी उशिरा

पहिले दोन-तीन दिवस मऊ भात आणि उकडलेलं चिकन, किंवा दहीभात. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर नकोच. ते कुत्र्यांना विषारी असतात. आधी पोट रिकामं ठेवलेलं असतं आणि भुलीनं आतडी मंदावतात, त्यामुळे दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी घाबरू नका. लघवी मात्र पहिल्या दिवसभरात झाली पाहिजे. वारंवार उलट्या किंवा चोवीस तासांनंतरही अन्नाला तोंड न लावणं ही फोन करण्याची कारणं आहेत.

१०. नर काही आठवडे पिल्लं देऊ शकतो

हे फार कमी लोकांना माहीत असतं. वृषण काढल्यानंतरही नळ्यांमध्ये राहिलेले शुक्राणू काही आठवडे जिवंत असतात. म्हणून साधारण महिना-दीड महिना त्याला माजावर आलेल्या मादीपासून लांब ठेवा. खांबाखांबावर पाय वर करण्याची किंवा भटकण्याची सवय दुसऱ्या दिवशी जाईल अशीही अपेक्षा नको. संप्रेरकं हळूहळू उतरतात, आणि वर्षानुवर्षं जडलेल्या काही सवयी तशाच राहतात. ऑपरेशननं त्याचा स्वभाव मोडत नाही. घर राखणं, माणसांना ओळखणं, लाड करून घेणं सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं.

११. ताटलीतला घास मोजायला लागा

नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते. नेहमीचं खाणं तसंच चालू ठेवलं तर सहा महिन्यांत बरगड्या हाताला लागेनाशा होतात. टाके निघाल्यावर डॉक्टरांशी बोलून रोजचं खाणं थोडं कमी करा आणि महिन्यातून एकदा वजन करा. घरातला प्रत्येक जण आपल्या ताटातली अर्धी चपाती देत असेल तर ती सगळी बेरजेत धरा. पंधरवडा संपल्यावर फिरणं हळूहळू वाढवत पूर्वीइतकं न्या. काही माद्यांना पुढे कित्येक वर्षांनी झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तो औषधानं आटोक्यात येतो, त्यासाठी मारायचं नाही.

१२. गल्लीतल्या कुत्र्यालाही हा पंधरवडा हवा

प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आपल्याकडे २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्यानं लागू झाले. त्यांचा गाभा असा, की भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करून, ओळखीसाठी कानाला खूण करून, त्यांना पकडलं त्याच जागी परत सोडायचं. त्याच जागी सोडण्याला कारण आहे. कुत्र्याला हद्द असते. अनोळखी गल्लीत अशक्त अंगानं सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात.

परत आलेल्या कुत्र्याला कोन नसतो, गोधडी नसते, आणि चौथ्या दिवशी त्याला आवरायलाही कुणी नसतं. म्हणून जमेल तेव्हा आम्ही गल्लीतलं कुत्रं जखम पुरती भरेपर्यंत अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवून घेतो. नेण्याच्या आधी मादीचे आचळ बघतो. दूध असेल तर तिची पिल्लं कुठेतरी वाट बघत असतात, मग पकडायला आलेल्यांना तिला आत्ता न नेण्याची विनंती करतो. परत सोडल्यावर कुत्रं कुठे झोपतं, काय खातं, चाल कशी आहे, यावर गल्लीतल्या दोघा-तिघांची नजर असते. नाक्यावरचे चहावाले दादा आणि आमचे वॉचमन काका यांच्याइतकं अचूक निरीक्षण कुणाचंच नसतं. ‘‘ताई, काळी आज डाव्या बाजूला बसत नाहीये,’’ हा वॉचमन काकांचा एक फोन वेळेवर आला, की दवाखान्यात नेऊन आणलेली काळी आठवड्यात पुन्हा आपल्या जागी दिसते.

प्रत्येक सोसायटीत जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये असा एक कोपरा निघू शकतो. एक मोठा पिंजरा, दोन गोधड्या, एक कोन, औषधांच्या वेळा लिहिलेला कागद आणि पाळ्या वाटून घेणारी चार माणसं एवढ्यावर काम भागतं. गल्लीत पिल्लं वाढतात म्हणून तक्रार करणारे आणि त्याच कुत्र्यांना रोज भात घालणारे, दोघांनाही हवी असलेली गोष्ट या एका कोपऱ्यातून मिळते. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय मांडा, आणि पहिल्या आठवड्याची पाळी आपल्या नावावर लिहा.